मोत मावलीच्या टेकडीवरचे औषध

दर वर्षी ८ सप्टेंबरला पवित्र मरियेचा जन्मोत्सव येतो आणि त्यानंतरच्या रविवारपासून वांद्र्याला मोत मावलीची जत्रा भरते. वसईकडचे, ठाण्याकडचे, मुंबईच्या उपनगरांतले आणि अठरापगड जातिधर्मांचे भाविक त्या टेकडीच्या पायऱ्या चढतात. वाटेवरच्या मांडवांतून मेणबत्त्यांच्या जोडीला मेणाचे अवयव विकायला ठेवलेले असतात. ज्याचा हात दुखतो तो मेणाचा हात घेतो, ज्याला चालवत नाही तो पाय घेतो, ज्यांच्या घरी पाळणा हललेला नाही ते मेणाचे बाळ घेतात. माझ्या आईने सलग चार वर्षे मेणाचा गुडघा वाहिला होता. गुडघा काही बरा झाला नाही, पण ‘मावलीच्या कानावर घातलंय’ एवढ्यावर तिचे समाधान होते.

त्याच टेकडीवर, चर्चपासून अगदी थोड्या अंतरावर, शांती अवेदना सदन नावाची वास्तू आहे. १९८६ साली सुरू झालेले हे भारतातले पहिले हॉस्पिस. कर्करोगाचे जे रुग्ण बरे होण्याच्या पलीकडे गेले आहेत, त्यांची शेवटपर्यंत शुश्रूषा येथे धर्मभगिनी करतात. अवेदना म्हणजे वेदनेचा अभाव. हे नाव केवळ शोभेसाठी ठेवलेले नाही. वेदना खरोखर थांबवणारे औषध हाती असल्याशिवाय असे नाव ठेवण्याचे धाडस कोणी करणार नाही. ते औषध म्हणजे मॉर्फीन, आणि मॉर्फीन निघते अफूपासून. अफू म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे व्यसनी, तस्कर आणि पोलीस उभे राहतात. मरणाऱ्याच्या उशाशी धर्मभगिनीच्या हाताने दिली जाणारी गोळी आणि तस्कराच्या पिशवीतील भुकटी यांचे मूळ एकाच झाडाच्या बोंडात आहे. दिवाळीच्या अनारशावर जी खसखस लावतात, तीही त्याच बोंडातील. या झाडाचा आणि आपल्या भागाचा संबंध फार जुना आहे, आणि तो समजून घेतल्याखेरीज आजच्या रुग्णाला ती गोळी सहज का मिळत नाही याचा उलगडा होत नाही.

माहीमहून वांद्र्याला येणारा भाविक ज्या रस्त्याने खाडी ओलांडतो, त्या रस्त्यापासूनच आरंभ करू. १८४५ साली हा रस्ता खुला होण्यापूर्वी यात्रेकरूंना होडीने पलीकडे जावे लागे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले, आणि लोकांकडून टोल घेऊ नये अशी अट घातली. त्याच सुमारास जमशेटजींच्या देणगीतून भायखळ्याचे जे. जे. रुग्णालय उभे राहिले. या दानशूर गृहस्थांची संपत्ती चीनशी केलेल्या व्यापारातून आली होती, आणि त्या व्यापारातील दोन मोठे जिन्नस कापूस आणि माळव्याची अफू हे होते. त्यांच्या भागीदारांत मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोघे हे कोकणी मुसलमान, आणि रोजेरिओ द फारिया हे मूळ गोव्याचे कॅथलिक होते. सर्वधर्मसमभावाचे याहून विचित्र उदाहरण मला ठाऊक नाही.

ईस्ट इंडिया कंपनीची स्वतःची अफू बंगाल-बिहारकडे पिकत असे. माळव्याची अफू मात्र संस्थानिकांच्या मुलखात पिके आणि कंपनीच्या मक्त्याबाहेर राही. मुंबईच्या वाटेवर कंपनीने अडवणूक केली, तेव्हा व्यापाऱ्यांनी उंटांवरून ती राजपुताना ओलांडून कराचीला नेली आणि तेथून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला आणली. दमणच्या बंदरात कंपनीचा हुकूम चालत नव्हता. शेवटी कंपनीने मुंबईतूनच शुल्क घेऊन परवाने देणे पत्करले, आणि १८४३ साली सिंध ब्रिटिशांच्या हाती गेल्यावर कराचीची वाट बंद झाली. १८३९ मध्ये चीनचा आयुक्त लिन झेशू याने वीस हजारांहून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या, तेव्हा मुंबईच्या पेढ्याही हादरल्या. पुढे जे युद्ध झाले ते सर्वांना माहीत आहे.

अफू केवळ बोटीतूनच गेली असे नाही. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया पाळीला जाण्यापूर्वी तान्ह्या मुलाला ‘बाळगोळी’ चाटवत. तिच्यात अफू असे. मूल दिवसभर झोपून राही. कधी कधी उठतच नसे. त्या आयांना दोष देणे सोपे आहे. दहा-बारा तासांची पाळी, घरी सांभाळायला कोणी नाही, आणि रडणाऱ्या मुलाला घेऊन सांच्यावर उभे राहता येत नाही, अशी त्यांची अडचण होती. १८९३ साली नेमलेल्या रॉयल कमिशनने साक्षीपुरावे घेऊन अफूचा भारतात फारसा अनर्थ होत नाही असा निर्वाळा दिला. सरकारच्या तिजोरीचा केवढा हिस्सा त्या पिकावर अवलंबून होता हे ध्यानी घेतले म्हणजे त्या निर्वाळ्याचे आश्चर्य वाटत नाही.

युरोपात दरम्यान दुसरीच गोष्ट घडत होती. जर्मनीतील पाडरबोर्न या गावी फ्रीडरिश झेर्ट्युर्नर नावाचा औषधविक्रेत्याचा तरुण सहायक होता. त्याने १८०५ च्या सुमारास अफूतून तिचे सारभूत द्रव्य वेगळे काढले. निद्रा आणणारा हा पदार्थ म्हणून ग्रीकांच्या स्वप्नदेवतेवरून त्याने त्याचे नामकरण केले. पुढे त्याने तीन तरुणांसह स्वतःवरच प्रयोग केला आणि चौघेही मरता मरता वाचले. अफूच्या गोळीत सार किती आणि काडीकचरा किती हे वैद्याला कधीच ठाऊक नसे. मॉर्फीन मात्र तोलून देता येऊ लागले. तोलून देणे हाच औषध आणि विष यांच्यातील खरा भेद आहे. १८५३ मध्ये एडिनबरोच्या अलेक्झांडर वुड यांनी पोकळ सुईने ते त्वचेखाली टोचून पाहिले. १८९८ मध्ये जर्मनीच्या बायर कंपनीने मॉर्फीनपासून केलेले नवे रसायन खोकल्यावरचे, व्यसन न लावणारे औषध म्हणून बाजारात आणले आणि त्याला हेरॉइन असे वीरश्रीयुक्त नाव दिले. व्यसन लागत नाही ही ग्वाही पुढेही अशीच एकदा दिली जाणार होती. त्याकडे मी शेवटी वळेन.

जगाला जाग आली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. १९०९ च्या शांघाय परिषदेचे अध्यक्षपद फिलिपिन्समधील एका बिशपांकडे होते (आपल्या नव्हे, एपिस्कोपल चर्चच्या). १९१२ मध्ये हेग येथे पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १९६१ च्या करारात सर्व राष्ट्रांनी दोन गोष्टी एकाच वेळी मान्य केल्या: ही द्रव्ये व्यसनाकडे नेतात म्हणून त्यांच्यावर कडक नजर हवी, आणि वेदनाशमनासाठी ती अपरिहार्य आहेत म्हणून त्यांचा पुरवठा पुरेसा हवा. यातले पहिले वाक्य सर्व सरकारांनी पाठ केले. दुसरे बहुतेकांच्या स्मरणातून गेले, आणि त्यांत आपला देशही होता.

भारतात अमली औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ साली संमत होऊन १४ नोव्हेंबरपासून अमलात आला. त्या काळी सीमेपलीकडून येणाऱ्या हेरॉइनने शहरांत थैमान घातले होते, तेव्हा कायद्याची गरज खोटी नव्हती. परंतु बहुतेक गुन्ह्यांना किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आणि एक लाखाचा दंड, आणि न्यायाधीशालाही त्याखाली उतरण्याची मुभा नाही, अशी त्याची रचना होती. त्यात भर म्हणजे प्रत्येक राज्याने आपापले नियम केले. रुग्णालयाला मॉर्फीन ठेवण्याचा परवाना वेगळा, दुसऱ्या राज्यातून आणायचा वेगळा, वाहतुकीचा वेगळा. उत्पादन शुल्क खाते एकीकडे, आरोग्य खाते दुसरीकडे. एक परवाना हाती येईतो दुसऱ्याची मुदत संपलेली असे. नोंदवहीत गोळ्यांचा हिशेब चुकला तर आपण तुरुंगात जाऊ, या धास्तीने औषधविक्रेत्यांनी मॉर्फीन ठेवणे सोडले, रुग्णालयांनी मागवणे सोडले, आणि वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टरांची एक पिढीच्या पिढी मॉर्फीनची गोळी न पाहता बाहेर पडली. १९९७ साली या अवाढव्य देशात वर्षभरात अवघे १८ किलो मॉर्फीन वापरले गेले. कायदा होण्यापूर्वीच्या वापरात ९७ टक्के घट झाली होती.

याच काळात मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच, राजस्थानातील चित्तोडगड आणि उत्तर प्रदेशच्या काही भागांत सरकारी पट्ट्यावर अफूची शेती चालूच होती, आणि आजही चालू आहे. शेतकरी दुपारी बोंडाला चीर देतो, रात्रभर चीक पाझरतो, सकाळी तो खरवडून गोळा करतो आणि सरकारला तोलून देतो. गाझीपूर आणि नीमच येथील सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. या चिकाची कायदेशीर निर्यात करणारा देश म्हणून जगात भारताचेच नाव घेतले जाते. म्हणजे परदेशांतील रुग्णाच्या वेदनेवरचा उतारा आपल्या मातीतून जात होता आणि मातीच्या मालकाची आई घरात विव्हळत होती.

मला हे आकड्यांतून कळण्यापूर्वी एका खोलीत कळले. दीक्षाविधीला थोडेच दिवस झाले होते आणि मी एका किनाऱ्यालगतच्या धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. पन्नाशीची एक स्त्री गर्भाशयाच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळली होती. मी दर शुक्रवारी ख्रिस्तशरीर घेऊन जात असे. वळणावर पोहोचण्यापूर्वीच तिचा आवाज ऐकू येई. शेजाऱ्यांनी रात्री रेडिओ मोठ्याने लावायला सुरुवात केली होती. ज्या डॉक्टरांकडे तिचे उपचार चालू होते ते सज्जन होते. ते जे इंजेक्शन देत ते दोन-तीन तास टिके. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘औषध आहे, फादर. पण माझ्याकडे परवाना नाही, आणि जवळपास ज्याच्याकडे आहे असा मला कोणी माहीत नाही.’ परळला जावे तर तिला गाडीत बसवणे अशक्य होते. नवऱ्याने वाडीचा एक तुकडा विकून आधीच उपचार केले होते.

मी माझ्या परीने तिचे सांत्वन करू लागलो. आपल्या यातना ख्रिस्ताच्या यातनांशी जोडा, असे मी तिला म्हणालो. ती थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘फादर, येशू तीन तासांत सुटला. मला तीन महिने झाले.’ मार्कच्या शुभवर्तमानाप्रमाणे ते तीन नव्हे, सहा तास होते. एवढे ज्ञान मला होते आणि ते त्या क्षणी माझ्या मनात आले, याची मला अजून लाज वाटते. ती ऑगस्टमध्ये वारली. तिच्या अंत्यविधीत मी प्रवचन केले. ते ऐकून लोक रडले. आज ते प्रवचन मी करणार नाही.

कारण सेमिनरीत मी जे शिकलो होतो, ते त्या खोलीत मला आठवले नव्हते. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांसमोर एक भाषण केले होते. इटलीच्या भूलतज्ज्ञांनीच त्यांच्यापुढे तीन प्रश्न ठेवले होते: वेदना टाळू नये असे ख्रिस्ती माणसावर बंधन आहे काय? शुद्ध हरपेल अशा औषधाने वेदना शमवणे योग्य काय? आणि त्या औषधाने आयुष्य थोडे कमी होण्याचा संभव असेल तर? पोप महोदयांचे उत्तर निःसंदिग्ध होते. यातना स्वेच्छेने स्वीकारणे हा कोणाचा मार्ग असू शकतो, पण तो सर्वांवर लादलेला नियम नाही. अन्य उपाय नसेल आणि रुग्णाने आपली धार्मिक व कौटुंबिक कर्तव्ये पार पाडली असतील, तर अशी औषधे देता येतात. मृत्यू घडवण्याचा हेतू मात्र कदापि नसावा. दुहेरी परिणामाचे हे तत्त्व परीक्षेत मला आले होते आणि मी ते चांगले लिहिले होते. १९८० मध्ये विश्वासाच्या सिद्धांतविषयक धर्मपीठाने आणि १९९५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी ‘इव्हॅन्जेलियम व्हिते’ या परिपत्रात तेच पुन्हा सांगितले. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २२७९ व्या परिच्छेदात तर अशा शुश्रूषेला निःस्वार्थ प्रीतीचे विशेष रूप म्हटले आहे. शिवाय योग्य मात्रेने आणि हळूहळू वाढवत दिलेले मॉर्फीन मृत्यू ओढून आणत नाही, असे आता जाणते डॉक्टर सांगतात. तेव्हा पोप महोदयांनी जो कठीण प्रसंग गृहीत धरला होता, तो प्रत्यक्षात क्वचितच येतो.

मग आमच्या घरांतून ‘सोसा, देवाने दिलेय’ हा उपदेश कोठून आला? गोलगोथावर प्रभूला गंधरसमिश्रित द्राक्षारस देऊ केला होता आणि त्याने तो घेतला नाही, हे वचन पुष्कळदा पुढे केले जाते. पण त्याच प्रभूने सांगितलेल्या दाखल्यातील शोमरोनी माणूस जखमी वाटसरूला सोसण्याचा उपदेश करीत नाही. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, त्याला उतारशाळेत नेतो आणि वर खर्चाचे पैसे ठेवतो. प्रभूने स्वतःसाठी जे नाकारले, ते त्याने दुसऱ्याला नाकारायला सांगितल्याचे शुभवर्तमानात कोठेही नाही. ज्याला स्वतःला काही दुखत नाही त्याने दुसऱ्याच्या यातनेचे गुणगान करावे, ही आम्हा उपदेशकांची जुनी खोड आहे.

मॉर्फीन मरणाऱ्यांच्या सेवेत रुजले त्याचे मोठे श्रेय आमच्याच धर्मभगिनींकडे जाते, ही गोष्ट आपल्या लोकांना फारशी ठाऊक नाही. लंडनच्या हॅकनी या गरीब वस्तीत आयरिश सिस्टर्स ऑफ चॅरिटी यांनी १९०५ साली सेंट जोसेफ हॉस्पिस उघडले होते. तेथे १९५८ मध्ये सिसिली सॉन्डर्स नावाची डॉक्टर आली. ती कॅथलिक नव्हती, अँग्लिकन होती. आधी परिचारिका, मग रुग्णालयातील समाजसेविका आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टर, असा तिचा प्रवास झाला होता. तोवर रीत अशी होती की वेदना असह्य होऊन रुग्ण ओरडू लागला म्हणजे टोचायचे, आणि व्यसन लागेल म्हणून जेवढे लांबवता येईल तेवढे लांबवायचे. सॉन्डर्स यांनी सेंट ल्यूक या दुसऱ्या एका आश्रमात पाहिलेली पद्धत येथे आणली: औषध तोंडाने द्यायचे, ठरल्या वेळी द्यायचे, वेदना परत येण्यापूर्वी द्यायचे. वेदनेची वाट पाहायची नाही. रुग्ण गुंगीत पडून राहण्याऐवजी उठून बसू लागले, जेवू लागले, मुलांशी बोलू लागले. सिस्टरांनी शुश्रूषेची परंपरा आधीच सांभाळली होती. तिला आता नोंदवहीची आणि घड्याळाची जोड मिळाली. १९६७ मध्ये सॉन्डर्स यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस स्थापन केले आणि तेथून ही पद्धत जगभर गेली. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी पायरीपायरीने द्यायच्या औषधांची पद्धत प्रसिद्ध केली; तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फीन आहे.

नेमक्या त्याच वर्षी वांद्र्याला शांती अवेदना सदन सुरू झाले. टाटा स्मारक रुग्णालयाचे शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते उभारले. पुढे गोव्यात आणि दिल्लीत त्याच्या शाखा निघाल्या. कायद्याने दारे बंद केली त्याच सुमारास ही एक खिडकी उघडी राहिली, असे म्हणावे लागेल. परंतु एका टेकडीवरच्या खाटा किती जणांना पुरणार? घरोघरी औषध पोहोचवण्याची वाट दाखवली ती केरळने. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोझिकोडे येथे काम आरंभले. रुग्णाच्या हाती मॉर्फीन दिले तर ते बाजारात जाईल, अशी अधिकाऱ्यांना भीती होती. त्यांनी दोन वर्षांत सतराशेहून अधिक रुग्णांना घरी नेण्यासाठी गोळ्या दिल्या, हिशेब ठेवला, आणि त्यांतील औषध कोठे वाममार्गाला गेल्याचे आढळले नाही. हा निष्कर्ष २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रानेही २०१२ मध्ये, केरळच्या पाठोपाठ, अशा शुश्रूषेचे राज्य धोरण स्वीकारले.

केंद्राने १९९८ मध्येच राज्यांना नियम सोपे करण्यास सांगितले होते, पण बहुतेक राज्यांनी ते कागद बाजूला ठेवले. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने मूळ कायदाच दुरुस्त केला. मॉर्फीन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा द्रव्ये ‘अत्यावश्यक अमली औषधे’ म्हणून पुढे घोषित झाली आणि त्यांचे नियम सर्व देशाला एकच झाले. आता रुग्णालयाला अनेक खात्यांचे उंबरे झिजवावे लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ अशी मान्यता घ्यावी लागते. प्रशिक्षित डॉक्टर असावा लागतो आणि चोख हिशेब ठेवावा लागतो. कायदा बदलला, तरी भीती कायद्याबरोबर रद्द होत नाही. २०१७ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने हिशेब मांडला तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के अफूजन्य औषध रुग्णांपर्यंत पोहोचत होते. आपल्या माणसाला कर्करोग झाला तर ‘आपली संस्था मान्यताप्राप्त आहे का?’ असा साधा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याचा नातेवाइकांना अधिकार आहे, हे पुष्कळांना माहीतच नसते.

येथे एखादा वाचक मला थांबवील आणि अमेरिकेकडे बोट दाखवील. त्याने अवश्य दाखवावे. १९८० मध्ये एका प्रतिष्ठित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात दाखल असलेल्या ११,८८२ रुग्णांना ही औषधे दिली, त्यांपैकी केवळ चौघांना व्यसन लागल्याची नोंद आहे, एवढाच त्याचा आशय होता. हे रुग्ण रुग्णालयात, देखरेखीखाली होते. घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्या पत्रात चकार शब्द नव्हता. पण पुढे शेकडो लेखांत त्याचा दाखला दिला गेला. १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा कंपनीने ऑक्सिकॉन्टिन ही गोळी बाजारात आणली आणि व्यसनाचा धोका कमी असल्याचे भासवून ती पाठदुखी, सांधेदुखी अशा लांबणाऱ्या दुखण्यांसाठीही खपवली. २००७ मध्ये कंपनीने दिशाभूल केल्याचा गुन्हा न्यायालयात कबूल केला, आणि २०२० मध्ये पुन्हा काही गुन्हे कबूल केले. तोवर लक्षावधी लोक गोळ्यांवरून हेरॉइनकडे आणि तेथून चोरट्या फेंटानिलकडे गेले होते. २०२१ या एका वर्षात अमेरिकेत अमली द्रव्यांच्या अतिमात्रेने एक लाखाहून अधिक माणसे मेली. हेरॉइनच्या वेळची बायरची ग्वाही आठवावी.

आपणही गाफील राहू नये. ट्रॅमाडॉलचा गैरवापर इतका वाढला की एप्रिल २०१८ मध्ये केंद्राला ते या कायद्याखाली आणावे लागले. कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आमच्या मैदानाच्या कुंपणापाशी मी स्वतः वेचल्या आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये टॅपेंटॅडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्र गोळ्यांचे उत्पादन व निर्यात सरकारला थांबवावी लागली, कारण त्या पश्चिम आफ्रिकेतील तरुणांना नशेसाठी विकल्या जात होत्या. दीडशे वर्षांपूर्वी चीनला पेट्या गेल्या. आता आफ्रिकेला पाकिटे जात होती. मॉर्फीनही निरुपद्रवी नाही. मात्रा चुकली तर श्वास मंदावतो आणि थांबतो. ते घेताना बद्धकोष्ठ हमखास होतो म्हणून सोबत रेचक द्यावे लागते. एकदम बंद करता येत नाही. एकाची गोळी दुसऱ्याला द्यायची नसते. मोडलेल्या माणसाच्या वेदनेसाठी जे औषध आहे ते महिनोन्महिन्यांच्या कंबरदुखीला सरसकट देऊ नये, हे अमेरिकेने फार मोठी किंमत देऊन शिकले. मात्र तेथील अतिरेकाचा धाक दाखवून येथील मरणाऱ्याला उपाशी ठेवणे हे कोणत्याही नैतिक ईशज्ञानात बसत नाही.

गेल्या प्रायश्चित्तकाळात आमच्या धर्मग्रामातील एक वृद्ध गृहस्थ फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. शेवटचे अडीच महिने ते घरीच होते. दर चार तासांनी एक गोळी, रात्री निजताना दोन, म्हणजे मध्यरात्री उठवावे लागत नसे. गोळ्यांचा डबा सोन्याच्या कपाटात कुलूपबंद होता आणि किल्ली सुनेच्या गळ्यात. मुलाच्या धर्मशिक्षणाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर तिने वेळा लिहून ठेवल्या होत्या. मी तैलाभ्यंगासाठी गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. त्यांनी पापनिवेदन केले, मग नातवाच्या बाप्तिस्म्याची तारीख मला विचारली आणि ती वहीत लिहायला लावली.

अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी सून चर्चच्या कार्यालयात आली. प्लास्टिकच्या पिशवीत उरलेल्या गोळ्या होत्या. ‘या कुठे द्यायच्या, फादर? घरात पोरं आहेत,’ ती म्हणाली. मी तिला स्कूटरवर मागे बसवून रुग्णालयात घेऊन गेलो. खिडकीवरच्या मुलीने पट्ट्या काढून दोनदा मोजल्या, नोंदवही उघडली, तारीख घातली, आणि रुग्णाच्या नावापुढे लिहिले : परत, ११ गोळ्या. सुनेने त्याखाली सही केली.